व्याप्ती: सर्व व्यक्ती

१

नियम लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. कचरा किती वाजता बाहेर ठेवायचा, दुकानाची पाटी फुटपाथवर किती पुढे यावी, कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला कधीपासून हवा, असले नियम. तुम्ही जे रोज मोडता, ते बहुतेक मीच लिहिलेले असतात. एकतीस वर्षं झाली. लोक मला कोरडा माणूस म्हणतात. त्यात खोटं काही नाही, पण कोरड्या माणसालाही घर असतं, एवढं त्यांनी लक्षात घ्यावं.

महापालिकेतला आमचा मसुदा विभाग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. एकच खिडकी आहे आणि तीही जिन्यात उघडते, त्यामुळे हवेऐवजी चपलांचे आवाज येतात. माणसं तीन. मी मसुदा लिहितो, टायपिस्ट बाई तो टाइप करतात आणि तपासनीस तो तपासतात. वाक्य कितीही सरळ असो, तपासनीस त्यात एक स्वल्पविराम घालतातच, म्हणून सगळी इमारत त्यांना स्वल्पविराम म्हणते. तोंडावरसुद्धा. ते रागावत नाहीत, जरा थांबतात आणि पुढे बोलू लागतात.

खेळ त्यांनीच आणला. दुपारच्या सुट्टीत डबे उघडल्यावर म्हणाले, "पट नाही, सोंगट्या नाहीत. आपली पाळी आली की एक नियम सुचवायचा. नवा घाला, जुना बदला नाहीतर काढून टाका. बहुमत झालं की तो लागू, आणि पुढची पाळी त्याच नियमाने. जिंकायचं कसं हेही नियमच सांगणार, आणि तोही बदलता येणार."

"म्हणजे दिवसभर करतो तेच सुट्टीतही करायचं," बाई म्हणाल्या.

"हो, पण इथे, कोणी हरकत घ्यायला येत नाही."

वही मी काढली. आणि तिथेच घोटाळा झाला, असं आता वाटतं. आमच्याकडे कुठल्याही मसुद्याचं पहिलं कलम ठरलेलं असतं. नाव काय, लागू कुणाला, कधीपासून. ते मी झोपेतही लिहीन. वहीच्या पहिल्या पानावर मी सवयीने लिहून गेलो: 'व्याप्ती: सर्व व्यक्ती. प्रारंभ: ताबडतोब.'

"सर्व व्यक्ती?" बाई हसल्या. "आपण तर तिघंच आहोत."

स्वल्पविरामांनी वही पाहिली. आमच्यापैकी कोणीही असं चुकीचं कलम खपवून घेतलं नसतं. पण ते म्हणाले, "राहू द्या. नेहमीचंच आहे." नेहमीचं होतं म्हणूनच कोणाला खटकलं नाही.

२

पहिले दोन महिने मजेत गेले. घास तोंडात असताना मत द्यायचं नाही. शिंकेल त्याची पाळी जाईल. उठण्याआधी बसल्या जागी दोनदा बोट वाजवायचं, हा बाईंचा. पाणी प्यायला उठलो की टकटक, डबा धुवायला उठलो की टकटक. बाजूच्या विभागातले लोक दारातून डोकावून बघायचे. आम्हाला वाटायचं, हसताहेत.

एका संध्याकाळी मी बसने घरी चाललो होतो. पुढच्या बाकावरच्या माणसाचा थांबा आला. त्याने बाकाच्या दांडीवर दोनदा बोट वाजवलं आणि उठला.

असतात अशी माणसं. मी स्वतः सहीआधी पेन तीनदा झटकतो. पण पुढच्या थांब्यावर एक बाई उठल्या, त्यांनीही वाजवलं. त्यामागून दोन कॉलेजातल्या मुली, बोलता बोलता, खाली न बघता. शेवटी कंडक्टर आपल्या जागेवरून उठला. टक, टक.

बोलाफुलाला गाठ, मी मनाशी म्हटलं. एखादी लकब साथीसारखी पसरते, कोणा नटाची असेल.

घरी ताई खाटेवर उशीला टेकून बसली होती. ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तेव्हापासून माझं डोकं पुसण्यापासून फी भरण्यापर्यंत सगळं तिने केलं. टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी केली, लग्न केलं नाही. मीही केलं नाही. माझ्याशी कोण करणार, हे ती सगळ्यांना हसत सांगते. घरात आम्ही दोघंच.

"धाकट्या, जेवलास का दुपारी?" तिने विचारलं. रोज विचारते. मी चोपन्न वर्षांचा आहे.

"जेवलो. तू बस, पाणी मी आणतो."

"तू आणणार म्हणजे अर्धं जमिनीवर." तिने खाटेच्या कडेवर दोनदा बोट वाजवलं आणि उठली.

"हे काय केलंस?"

"काय केलं?"

"बोट वाजवलंस."

"मी कशाला बोट वाजवू?" ती माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच माहीत नव्हतं.

३

मी शंकेखोर माणूस आहे, आणि शंका असली की आपण तपास करतो. पाळी आली तेव्हा मी मुद्दाम एक निरर्थक नियम सुचवला: जिन्याच्या सातव्या पायरीवर कोणी पाय ठेवायचा नाही. बाई म्हणाल्या, "हे काय नवीन?" पण हात वर केला. स्वल्पविरामांनीही केला, जरा उशिराने.

दुसऱ्या दिवशी मी तासभर आधी जाऊन जिन्यातल्या त्या खिडकीशी उभा राहिलो.

दहा वाजता लोक यायला लागले. कारकून, अर्जदार, फायलींचा गठ्ठा घेतलेला शिपाई. सहावी पायरी, मग थेट आठवी. कोणी थांबत नव्हतं, कोणी खाली बघत नव्हतं, बोलणं तुटत नव्हतं. फक्त चपलांच्या आवाजात एक जागा रिकामी पडत होती. एक आई पोराला चालवत आणत होती. सहावीवर त्या पोराने आपणहून हात वर केले आणि आईने त्याला उचलून आठवीवर ठेवलं. मग काठी टेकत एक म्हातारे आले. सहावीपर्यंत नीट आले. तिथे त्यांचा पाय उचलला जाईना. दोन पायऱ्यांची उंची त्यांच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. त्यांनी कठडा धरला, घाम आला, पाय थरथरायला लागला, तरी सातवीवर काही तो टेकला नाही. मी धावत जाऊन त्यांना वर ओढलं.

"आजोबा, मधली पायरी का सोडलीत?"

"कुठली पायरी?" ते धापा टाकत म्हणाले.

तेवढ्यात आवारातला पिवळा कुत्रा वर आला. पाच, सहा, सात. सातवीवर थांबला, ती हुंगली, आणि आठवीवर गेला.

कुत्रा व्यक्ती नसतो. ही व्याख्या मी स्वतः तीन वेगवेगळ्या नियमांत लिहिलेली आहे.

४

त्या दुपारी मी दोघांना सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. स्वल्पविराम डब्याचं झाकण लावत म्हणाले, "मी महिनाभर बघतोय. माझी नात, चार वर्षांची, झोपेतून उठतानाही बोट वाजवते."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, बोललो, की खरं होईल."

त्यांनी लगेच नियम सुचवला: पायरीचा आणि बोटाचा नियम रद्द. तिघांचे हात वर गेले. जिन्यातून चढणाऱ्यांच्या चपला त्याच क्षणी न चुकता वाजायला लागल्या. ते ऐकून बाई रडल्या.

"आता व्याप्तीचं कलम," स्वल्पविराम म्हणाले. "ते 'फक्त खेळाडू' असं करू, आणि वही बंद. आपण पोटनियम लिहितो, लोकांचं नशीब नाही."

"उद्या करू," मी म्हणालो.

"उद्या कशाला?"

"उद्या माझी पाळी आहे."

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. ताईचं त्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं की आता दिवस मोजायचे, फार तर तीन आठवडे. मी ताईला सांगितलं नव्हतं. तिने मला सांगितलं नव्हतं की तिला कळलंय.

त्या संध्याकाळी मी आयुष्यातला सगळ्यात चांगला मसुदा लिहिला. 'कोणीही मरू नये' असं लिहिणारा मी नव्हे. तसं लिहिलं तर जगाचं काय होईल, एवढी अक्कल मला आहे. मी व्याप्ती लहान केली, शब्द मोजून घातले. ज्या घरात खेळाडू राहतो, त्या घरातल्या कोणीही ते घर कायमचं सोडायचं नाही. आणि पुढे एक ओळ: हा नियम आणि व्याप्तीचं कलम फक्त एकमताने बदलता येईल. ती ओळ मी स्वल्पविरामांना घाबरून घातली. ते बाईंना पटवून दुसऱ्याच दिवशी माझा नियम रद्द करतील अशी मला भीती होती.

दुसऱ्या दिवशी स्वल्पविरामांनी तो दोनदा वाचला. पहिल्यांदाच त्यांच्या पेनाने काही घातलं नाही.

"यात एक राहिलंय," ते हळूच म्हणाले. "घर सोडणार नाही, ठीक. पण घरात कशी राहील, ते यात कुठेच नाही."

"जशी आहे तशी राहील."

"तसं लिहिलेलं नाही. माझं मत, विरोधात."

बाईंनी हात वर केला होता. मला वाटलं, माझी दया आली. दोनास एक, नियम लागू.

५

तीन आठवडे गेले, मग पाच, मग नऊ. ताई होती. मी मनातल्या मनात डॉक्टरांची टर उडवत होतो.

दहाव्या आठवड्यात डॉक्टर आले. त्यांनी नळी तिच्या छातीला लावली. मग जरा डावीकडे सरकवली. मग पाठीला लावली. पुन्हा छातीला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मोठ्याने वाजत होता. शेवटी त्यांनी नळी कानातून काढून तिच्याकडे पाहिलं, आणि कोणीतरी बाहेरून हाक मारावी तसे वळून मोरीत गेले. हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले.

"तब्येत स्थिर आहे," ते दाराकडे बघत म्हणाले. फी न घेता गेले. नंतर फोन केला तर ते सुट्टीवर असायचे.

त्यानंतर ते माझ्या ध्यानात आलं. एरवी घरात दुसऱ्या माणसाच्या श्वासाकडे कोण लक्ष देतं? ताई बोलण्याआधी श्वास घ्यायची. एक लांब, घशातून ओढलेला. मग बोलायची, ती हवा संपली की थांबायची. आणि पुढचं बोलणं येईपर्यंत काहीच नाही. मी समोर बसून मोजलं. अकरा मिनिटं. तिने छताकडे बघत अकरा मिनिटं काढली आणि मग ओढून श्वास घेतला.

"धाकट्या, जेवलास का?"

"ताई," मी म्हटलं, "तू... श्वास..."

पुन्हा तो ओढल्याचा आवाज. "बोलायचं म्हटलं की आधी हवा भरून घ्यावी लागते रे. एरवी काही लागत नाही. भूकही नाही. दुखतं मात्र." थांबली, पुन्हा ओढला. "दुखायचं काही थांबलं नाही."

मी तिचा हात धरला. खिडकीच्या गजासारखा गार होता.

मी अँब्युलन्स बोलावली. धडधाकट दोन माणसं आली, तिला अलगद स्ट्रेचरवर घेतलं, दारापर्यंत नेलं. उंबऱ्याशी पुढचा थांबला. "रुमाल राहिला वाटतं माझा," म्हणाला. स्ट्रेचर खाली ठेवून खोलीत शोधून आला. पुन्हा उचललं, पुन्हा उंबरा. "काय करायला आलो होतो आपण?" मागच्याने विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी तिला परत खाटेवर ठेवलं, मला नमस्कार केला आणि रिकामं स्ट्रेचर घेऊन जिना उतरले. दोघांच्या चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान होतं. ताई सगळा वेळ माझ्याकडे बघत होती.

मग मीच घर सोडायचं ठरवलं. मी तिथे राहत नसेन तर ते खेळाडूचं घर उरणार नाही. बॅग भरली, जिना उतरलो, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि हातात दुधाची पिशवी घेऊन परत दारात उभा होतो. 'कोणीही' या शब्दात लिहिणाराही येतो. स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली होती, आणि धार मीच लावली होती.

६

"वही जाळून टाकतो," मी ऑफिसात म्हणालो.

"राजपत्र जाळलं, म्हणून कायदा मरतो का?" स्वल्पविराम म्हणाले. "तुम्हीच नव्या लोकांना शिकवता."

"एखादा अपवाद घालू. बहुमताने."

"अपवाद म्हणजे बदलच. एकमत लागेल. माझं मत कधीही घ्या."

आम्ही दोघांनी बाईंकडे पाहिलं. बाई टाइपरायटरवर कव्हर घालत होत्या.

"मी देणार नाही," त्या म्हणाल्या.

"बाई, माझी ताई..."

"मला माहीत आहे. मला तुमच्या ताईंचं वाईट वाटतं, खरंच वाटतं." त्यांनी कव्हरची घडी नीट केली. "त्या दिवशी तुम्ही मसुदा वाचला ना, त्याच दिवशी आमचे हे जाणार होते. दुसरं घर बघून ठेवलंय त्यांनी, त्या दुसरीसाठी. बॅग भरून दारापर्यंत गेले आणि परत आले. मुलं बाबा बाबा करत बिलगली. मी कशी देऊ मत?"

ज्यांनी माझ्यावर दया केली असं मी समजलो, त्या स्वतःचं घर धरून बसल्या होत्या. आणि त्यात चूक तरी काय?

मी घरी लवकर गेलो. दुपारचे तीन वाजले होते, जिन्यात लख्ख ऊन होतं. आमचं दार सताड उघडं दिसलं. आत ताई उभी होती. आठ आठवड्यांत ती खाटेवरून उठली नव्हती. ती उंबऱ्याच्या आत, दारात काहीच नसताना, कपाळ टेकून उभी होती. पुढे झुकलेली, सगळा भार कपाळावर. काच असावी तसं कपाळ चपटं झालं होतं. पायांचे अंगठे जमीन खरवडत होते, चालायचा प्रयत्न चालू होता. डोळे उघडे होते, पण मी पायरीवर आहे हे त्यांना कळलं नाही. मी दोन पावलांवर होतो. श्वासाचा आवाज फक्त माझाच होता.

तिच्या मागे, खोलीच्या आतल्या बाजूला, तिच्याच उंचीचं काहीतरी ताटकळत उभं होतं. मी नीट बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही, हे सरळ सांगतो.

तिला खाटेवर आणून ठेवल्यावर तिने हवा ओढली. "जाऊ दे ना रे मला," म्हणाली. "शाळेत तुला सोडून यायचे तेव्हा तू फाटकाला धरून रडायचास. मी बोटं सोडवायचे एकेक. आता माझ्या बोटांत तेवढी ताकद नाही."

त्या दिवशी मी ढसाढसा रडलो, तिला वहीचं आणि मतांचं सगळं सांगितलं. आणि नियम रद्द करायचा मसुदा लिहिला. एकच ओळ होती.

७

सोमवारी बाई सुट्टीची वाट न बघता माझ्या टेबलाशी आल्या. डोळे सुजलेले होते.

"मत घ्या," त्या म्हणाल्या. "घ्या आत्ताच."

"काय झालं?"

"ते बॅग खालीच ठेवत नाहीत. जेवताना हातात, झोपताना हातात. रोज सकाळी दारात जाऊन उभे राहतात आणि आत येतात, पुन्हा जातात, आत येतात. काल धाकटी म्हणाली, आई, बाबांना सोड ना, त्यांचे पाय बघ. मी पाय बघितले. जाऊ दे त्यांना. जिथे जायचं तिथे जाऊ दे."

डबे न उघडताच आम्ही टेबलाशी बसलो. मी माझी एक ओळ वाचून दाखवली. आवाज नीट होता. एकतीस वर्षांची सवय.

"नियम रद्द करण्याच्या बाजूने?" स्वल्पविरामांनी विचारलं आणि स्वतःचा हात वर केला. बाईंनी केला.

मला ताईचं कपाळ आठवत होतं. तिचं दुखणं आठवत होतं. मग मला रिकामी खाट दिसली. संध्याकाळी किल्ली फिरवून दार उघडायचं, दिवा मीच लावायचा, आणि जेवलास का, हे विचारायला या जगात कोणीही नाही. दोन हात वर होते. माझा मांडीवर होता.

"साहेब?" बाई म्हणाल्या.

मी हाताकडे पाहिलं. उचलायचा प्रयत्न केला, असं मला सांगायला आवडलं असतं. वहीतला एकेक नियम मी मनात चाळला. कशातच त्या हाताबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

"उद्या," मी म्हणालो.

स्वल्पविरामांनी हात खाली घेतला. बाईंचा बराच वेळ वरच होता.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा ताई जागी होती. आता ती झोपत नाही. मी दिवा लावला, तिच्या खाटेशी खुर्ची ओढून बसलो. तिने लांब श्वास ओढला.

"झालं का रे मतदान?"

"झालं."

"सगळे हो म्हणाले?"

"एकाने हात वर केला नाही."

ती गप्प राहिली. चार मिनिटं, पाच मिनिटं. मग पुन्हा तो घशातला आवाज आला, आणि तिने चाचपडत माझा तो हात धरला.

"असू दे," ती म्हणाली. "त्याच्यावर रागावू नकोस हं. त्याचीही काही अडचण असेल."